लिनक्स कर्नेलमधील हार्डवेअर मॉनिटरिंग ड्रायव्हर: देखभाल आणि दस्तऐवज यांची सुरुवात कशी करावी

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ ही कमांड दिली की प्रोसेसरचे तापमान, पंख्याचे दर मिनिटाचे फेरे, मदरबोर्डवरील निरनिराळी व्होल्टेज असे आकडे समोर येतात. हे आकडे त्या प्रोग्रामने स्वतः मोजलेले नसतात. कर्नेलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, हार्डवेअर मॉनिटरिंग ही उपप्रणाली, जिला कर्नेलवर काम करणारे सगळे ‘एचडब्ल्यूमॉन’ म्हणतात, ते चिपकडून घेते आणि ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाच्या फाइलींत, ठरलेल्या एककात मांडते. ड्रायव्हरने, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या कर्नेलमधील कोडने, एकदा मांडलेल्या नावांवर आणि एककांवर जगभरातील प्रोग्राम विसंबून राहतात. म्हणून या भागातील देखभालीचे काम म्हणजे मुख्यतः दिलेला शब्द पाळण्याचे काम आहे, आणि तो शब्द नेमका कोणता हे ज्या कागदावर लिहिलेले असते तो दस्तऐवज कोडइतकाच महत्त्वाचा आहे. कर्नेलमध्ये पहिले पाऊल टाकू पाहणाऱ्यांना मी हाच भाग सुचवतो. इथले ड्रायव्हर बहुधा छोटे असतात, चिप स्वस्त असतात, आणि सी भाषेची बरी जाण असलेला मुंबईतील कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी घरच्या टेबलावर सगळे करून पाहू शकतो.

आधी आकड्यांची भाषा समजून घ्या

‘सिस’ डिरेक्टरीतील ‘क्लास’ या विभागात ‘एचडब्ल्यूमॉन’ नावाची डिरेक्टरी असते. तिच्यात प्रत्येक चिपसाठी एक उपडिरेक्टरी आणि त्या उपडिरेक्टरीत चिपचे नाव सांगणारी ‘नेम’ ही फाइल असते. ‘टेम्प१_इनपुट’ ही फाइल वाचली आणि ३४५०० हा आकडा मिळाला, तर त्याचा अर्थ ३४.५ अंश सेल्सिअस. कर्नेलमध्ये दशांश अपूर्णांकांची गणिते सहसा करत नाहीत, त्यामुळे तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, विद्युतप्रवाह मिलिअँपिअरमध्ये, शक्ती मायक्रोवॅटमध्ये, ऊर्जा मायक्रोज्यूलमध्ये आणि आर्द्रता टक्क्याच्या हजाराव्या भागात पूर्णांकाने दिली जाते. पंख्याचा वेग मात्र थेट दर मिनिटाच्या फेऱ्यांत असतो, आणि पंख्याला द्यायच्या नियंत्रणाचे मूल्य ० ते २५५ या पट्ट्यात असते. वाहिन्यांचे, म्हणजे चिप मोजते त्या प्रत्येक राशीचे, क्रमांक १ पासून सुरू होतात, फक्त व्होल्टेजचे ० पासून, कारण बहुतेक डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकांत, ते तसेच छापलेले असतात.

आणखी एक गोष्ट नवोदितांना हमखास चकवते. मदरबोर्डवर १२ व्होल्टची तार चिपच्या पिनपर्यंत येताना दोन रोधकांमधून विभागली जाते, आणि ड्रायव्हर सामान्यतः पिनवर जे व्होल्टेज आहे तेवढेच सांगतो. त्या बोर्डावरील रोधकांचा हिशेब वापरकर्त्याच्या बाजूच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये करायचा असतो, कारण रोधक बोर्डागणिक बदलतात. काही चिपमध्ये हे रोधक आतच बसवलेले असतात आणि तिथे ड्रायव्हरच गुणाकार करतो. कोणता ड्रायव्हर काय करतो हे दस्तऐवजात लिहिलेले नसेल, तर वाचणाऱ्याला बोर्ड बिघडला आहे की आकडा वेगळ्या अर्थाचा आहे हे कळायला मार्ग उरत नाही.

एकच चिप निवडा

संपूर्ण कर्नेलचा स्रोत गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने उतरवून घ्यावा, आणि इतिहासासकट घ्यावा. डाउनलोड मोठे असले तरी जुने बदल कोणी आणि का केले हे पाहिल्याशिवाय देखभाल होत नाही. ‘ड्रायव्हर्स’ विभागातील ‘एचडब्ल्यूमॉन’ डिरेक्टरीत कोड आहे आणि ‘डॉक्युमेंटेशन’ विभागातील त्याच नावाच्या डिरेक्टरीत दस्तऐवज आहेत. पॅच, म्हणजे कोडमधील बदलाची फाइल, तयार करताना मुख्य शाखेऐवजी या उपप्रणालीच्या स्वतंत्र गिट भांडारातील पुढच्या आवृत्तीची शाखा आधाराला घ्यावी. त्या भांडाराचा पत्ता ‘मेंटेनर्स’ (देखभाल करणारे) या फाइलीत दिलेला असतो.

सुरुवातीला मी एलएम७५ ही तापमान मोजणारी चिप सुचवेन. मूळची नॅशनल सेमिकंडक्टरची ही चिप इतकी रुळली की अनेक कंपन्यांनी तिच्याशी जुळणाऱ्या चिप काढल्या, आणि कर्नेलमधील एकच ड्रायव्हर त्यांतील डझनाहून अधिक चिप सांभाळतो. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुट्या भागांच्या दुकानांत एलएम७५ चे तयार मॉड्यूल विचारता येईल. विचारताना क्रमांक नीट सांगावा आणि हातात आलेल्या चिपवरील छापील अक्षरे वाचूनच पैसे द्यावेत. महाविद्यालयीन प्रकल्पांत एलएम३५ फार चालते, त्यामुळे तीच पुढे केली जाण्याचा संभव असतो. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट असा अॅनालॉग संकेत देते, तिला आयटूसी बस (दोन तारांवरून चिपशी बोलण्याची पद्धत) कळत नाही आणि आपल्या कामाला ती उपयोगी नाही.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिन १ वरून ३.३ व्होल्ट, पिन ६ वरून ग्राउंड, पिन ३ वरून डेटा आणि पिन ५ वरून क्लॉक अशा चार तारा मॉड्यूलला जोडल्या आणि पायच्या सेटिंगमध्ये आयटूसी चालू केले की बस तयार होते. चिपचा पत्ता तिच्या तीन पत्ता-पिनांवरून ठरतो आणि तो हेक्साडेसिमल (१६ आधाराच्या) अंकांत ४८ ते ४एफ यांच्यात असतो. बसवरील पत्ते दाखवणारी ‘आयटूसीडिटेक्ट’ ही कमांड चालवल्यावर तक्त्यात ४८ दिसले तर जोडणी ठीक आहे. ४८ च्या जागी ‘यूयू’ दिसले तर त्या पत्त्यावर आधीच एखादा ड्रायव्हर बसलेला आहे.

चिप नसतानाही चाचणी

हार्डवेअर हाताशी नसेल तरी काम अडत नाही, आणि असले तरी ही पायरी वगळू नये. कर्नेलमध्ये ‘आयटूसी-स्टब’ नावाचे मॉड्यूल, म्हणजे गरजेनुसार चढवता येणारा कर्नेलचा भाग, आहे. ते एक बनावट बस उभी करते आणि सांगितलेल्या पत्त्यावर रिकामी रजिस्टर (चिपमधील लहान साठवणजागा) असलेली खोटी चिप ठेवते. ‘मोडप्रोब’ने ते चढवताना चिपचा पत्ता म्हणून हेक्साडेसिमल ४८ द्यावा. ‘आयटूसी-डेव्ह’ हे मॉड्यूलही चढवून घ्यावे आणि मग बसची यादी पाहावी. ज्या बसच्या नावात ‘एसएमबस स्टब ड्रायव्हर’ असे शब्द आहेत, तिचा क्रमांक आपला.

आता तापमानाचे मूल्य या खोट्या चिपमध्ये लिहायचे आहे. एलएम७५ चे तापमान रजिस्टर क्रमांक ० वर असते आणि त्यात वरची बाइट पूर्ण अंश, तर खालच्या बाइटचा सर्वांत वरचा बिट अर्धा अंश दाखवतो. मेमधल्या मुंबईच्या दुपारचे ३४.५ अंश घेतले तर ३४ म्हणजे हेक्साडेसिमल २२ आणि अर्ध्या अंशासाठी ८०, म्हणून चिपच्या दृष्टीने मूल्य २२८० झाले. मात्र एसएमबस या आयटूसीवर आधारलेल्या पद्धतीच्या दोन बाइटच्या व्यवहारात खालची बाइट आधी जाते आणि एलएम७५ वरची बाइट आधी पाठवते. त्यामुळे ‘आयटूसीसेट’ने शब्दरूपात लिहिताना बाइटींची अदलाबदल करून ८०२२ असे लिहावे लागते. ड्रायव्हर वाचताना ही अदलाबदल पुन्हा उलटी करतो. मूल्य लिहून झाल्यावर बसच्या ‘न्यू_डिव्हाइस’ या फाइलीत चिपचे नाव आणि पत्ता लिहावा. ड्रायव्हर जोडला जातो आणि ‘टेम्प१_इनपुट’मध्ये ३४५०० दिसते.

यानंतर ऋण तापमान तपासावे. मुंबईच्या खोलीत ठेवलेला खरा सेन्सर शून्याखाली कधीच जाणार नाही, त्यामुळे चिन्हाच्या बिटाची हाताळणी चुकलेली असली तरी इथल्या कुणालाही खऱ्या चिपवर ती सहसा सापडणार नाही. ती सापडेल लडाखमध्ये किंवा एखाद्या शीतगृहात, आणि तेव्हा तो ड्रायव्हर बाहेर पडून वर्षे उलटलेली असतील. स्टबमध्ये उणे अर्ध्या अंशासाठी एफएफ८० म्हणजे अदलाबदलीनंतर ८०एफएफ लिहावे आणि उत्तर -५०० येते का ते पाहावे. या वेळी ड्रायव्हर आधीच जोडलेला असल्याने ‘आयटूसीसेट’ लिहायला नकार देईल आणि सक्तीचा पर्याय द्यावा लागेल. हा सक्तीचा पर्याय केवळ स्टबपुरता ठेवावा. खऱ्या बसवर ड्रायव्हरच्या पाठीमागून रजिस्टर बदलणे धोक्याचे आहे.

कमाल मर्यादेची फाइलही तपासावी. खरी एलएम७५ वीज मिळताच कमाल मर्यादा ८० अंश आणि परतीची मर्यादा (तापमान जिच्या खाली आले की इशारा मागे घेतला जातो ती) ७५ अंश धरून जागी होते. स्टबवर दोन्ही ठिकाणी शून्य दिसेल, कारण तिथली रजिस्टर कोरी असतात, आणि यात ड्रायव्हरचा दोष नाही. कमाल मर्यादेत २००००० लिहिल्यास ड्रायव्हरने ते मूल्य चिपच्या १२५ अंशांच्या टोकाशी आणून ठेवले पाहिजे.

दस्तऐवज आणि कोड शेजारी ठेवून वाचा

आता एकीकडे डेटाशीट, एकीकडे ड्रायव्हरचा कोड आणि एकीकडे त्याचा दस्तऐवज उघडून ओळीओळीने ताडून पाहावे. या उपप्रणालीतील दस्तऐवजांचा ढाचा ठरलेला आहे. वर ड्रायव्हरचे नाव, मग तो सांभाळत असलेल्या चिपची यादी, प्रत्येक चिपचा उपसर्ग (तिचे ड्रायव्हरमधील लहान नाव), ड्रायव्हर कोणते पत्ते स्वतःहून तपासतो, डेटाशीट कुठे मिळेल, लेखक कोण, आणि त्यानंतर चिपचे वर्णन व उपलब्ध फाइलींचा तक्ता. विसंगती कुठे सापडतील याचा अंदाज थोड्या सरावाने येतो. कोडमधील चिपच्या तक्त्यात नवी चिप वाढलेली असते आणि दस्तऐवजातील यादी जुनीच असते. एखादी नवी फाइल दाखवली जाऊ लागते, पण तक्त्यात तिची ओळ नसते. फाइल फक्त वाचता येते की तिच्यात लिहिताही येते, हे चुकलेले असते.

डेटाशीटचे दुवे हा वेगळाच विषय आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०११ मध्ये नॅशनल सेमिकंडक्टर विकत घेतली, रेनेसासने २०१७ मध्ये इंटरसिल घेतली, अॅनालॉग डिव्हायसेसने २०२१ मध्ये मॅक्झिम घेतली. प्रत्येक वेळी जुन्या संकेतस्थळावरील पत्ते बदलले किंवा बंद पडले. बंद दुवा बदलणे क्षुल्लक दिसते, पण दहा वर्षांनी एखाद्या रजिस्टरचा अर्थ शोधणाऱ्याला तीच एक ओळ तारते. नवा दुवा देण्यापूर्वी तो त्याच चिपचा आहे की तिच्या एखाद्या उपप्रकाराचा, हे उघडून वाचून पाहावे.

भाषेबद्दल थोडे सांगतो. हे दस्तऐवज इंग्रजीत लिहायचे असतात आणि अनेक मराठी मुले त्यामुळे मागे हटतात. माझे मत नेमके उलट आहे. ज्याची इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, त्याला संदिग्ध वाक्य लगेच खटकते, आणि जे वाक्य त्याला दोनदा वाचावे लागले ते जगातील हजारो अभियंत्यांनाही दोनदा वाचावे लागत असणार. छोटी, सरळ वाक्ये लिहावीत आणि एकक प्रत्येक ठिकाणी स्पष्ट द्यावे.

हे दस्तऐवज २०१९ मध्ये साध्या मजकुरातून रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या स्वरूपात आणले गेले आणि स्फिंक्स या साधनाने त्यांची पाने बनतात. बदल केल्यावर फक्त ‘एचडब्ल्यूमॉन’ विभागाची पाने बांधून घ्यावीत. सगळ्या कर्नेलची पाने बांधायला फार वेळ लागतो. तक्त्याची रेघ एका अक्षराने कमी पडली किंवा यादीआधीची रिकामी ओळ राहून गेली तरी स्फिंक्स इशारा देते. नवा दस्तऐवज जोडला असेल तर विभागाच्या अनुक्रमणिकेच्या फाइलीत त्याचे नाव घालावे, अन्यथा ते पान कुठूनच सापडणार नाही.

कोडला हात लावताना

नव्या ड्रायव्हरने या उपप्रणालीच्या गाभ्याला आपल्या वाहिन्यांचा तक्ता आणि तीन कामे द्यायची असतात: कोणती फाइल दाखवायची ते ठरवणे, वाचणे आणि लिहिणे. फाइली तयार करण्याचे उरलेले काम गाभाच करतो. जुन्या पद्धतीने नोंदणी करणारे ड्रायव्हर अजून आहेत आणि त्यांना नव्या पद्धतीवर आणणे हे उपयुक्त काम आहे, पण ते फक्त त्यानेच करावे ज्याच्याकडे ती चिप आहे किंवा जो स्टबवर प्रत्येक फाइल आधीची आणि नंतरची ताडून पाहील. चिपमध्ये जे नाही ते शून्य म्हणून दाखवू नये, ती फाइलच लपवावी. पंखा बंद पडला आहे आणि पंखा जोडण्याची सोयच नाही या दोन स्थितींतला फरक वापरकर्त्याला कळला पाहिजे.

चिपची आणि ड्रायव्हरची तयारी पूर्ण झाल्यावरच सर्वांत शेवटी नोंदणी करावी, कारण नोंदणी होताच कुणीही फाइल वाचू शकतो. बसवरून वाचताना त्रुटी आली तर मिळणारा ऋण आकडा हा त्रुटीचा संकेत असतो. तो न तपासता पुढे ढकलला, तर -५ हा त्रुटीचा संकेत तापमान बनून पडद्यावर येतो.

सर्वांत जास्त लक्ष मर्यादा लिहिणाऱ्या कोडकडे द्यावे. वापरकर्ता ‘टेम्प१_मॅक्स’मध्ये कोणताही आकडा लिहू शकतो, अगदी ६४ बिटमधील सर्वांत लहान पूर्णांक, म्हणजे -९२२३३७२०३६८५४७७५८०८ सुद्धा. भागाकार करून उत्तर जवळच्या पूर्णांकाला आणणारा कर्नेलमधील मॅक्रो भागाकारापूर्वी भाजकाचा अर्धा भाग ऋण संख्येतून वजा करतो. इतक्या लहान संख्येतून आणखी वजा केले की ती पट्ट्याबाहेर जाऊन उलट्या टोकाला पोहोचते आणि चिपमध्ये भलतीच मर्यादा लिहिली जाते. उपाय साधा आहे: आधी मूल्य चिपच्या पट्ट्यात दाबून बसवावे आणि मग भागाकार करावा. २०२४ मध्ये काही जुन्या ड्रायव्हरमध्ये केवळ या दोन पायऱ्यांचा क्रम बदलून हाच दोष दुरुस्त करण्यात आला. इथे पट्ट्याबाहेरचा आकडा नाकारायचा नसतो, तो टोकाशी आणायचा असतो, कारण प्रत्येक चिपची टोके लक्षात ठेवण्याची अपेक्षा प्रोग्रामकडून करता येत नाही.

ड्रायव्हरने बसवर आपणहून चिप शोधावी का, हा प्रश्न नवे लेखक उत्साहाने ‘हो’ असा सोडवतात. शंका असेल तर शोधू नये. केवळ विचारणा केल्याने चिप बिघडल्याची उदाहरणे आहेत. आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमधील २४आरएफ०८ या स्मृतिचिपमध्ये असा दोष होता की पत्ता तपासण्यासाठी पाठवलेल्या लिहिण्याच्या छोट्या (‘क्विक राइट’) आज्ञेने तिच्यातील माहितीच भ्रष्ट होत असे. म्हणूनच कर्नेल आजही हेक्साडेसिमल ५० ते ५एफ या पत्त्यांवर लिहिण्याऐवजी वाचून तपासणी करतो.

पॅच पाठवणे

एका पॅचमध्ये एकच बदल असावा. शीर्षकात आधी उपप्रणालीचे नाव, मग कंसात ड्रायव्हरचे नाव आणि मग बदल असा या विभागाचा रिवाज आहे. मजकुरात काय बदलले यापेक्षा का बदलले हे लिहावे. दोष दुरुस्त केला असेल तर तो ज्या जुन्या बदलाने आला त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरे ‘फिक्सेस’ या ओळीत द्यावीत. शेवटी आपण ज्या नावाने ओळखले जातो त्या नावाने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ हवी. हा कोड देण्याचा आपल्याला हक्क आहे असे त्या ओळीने तुम्ही जाहीर करता, म्हणून कार्यालयीन वेळेत लिहिलेल्या कोडसाठी नोकरी देणाऱ्याची परवानगी आधीच घ्यावी.

‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट कडक पर्यायासह चालवावी आणि तिच्या तक्रारी दूर कराव्यात. मला ही मांडणी आवडते, असे उत्तर इथे चालत नाही. पॅच कुणाला पाठवायचा हे ‘गेट_मेंटेनर’ ही स्क्रिप्ट सांगते. पाठवण्यासाठी गिटची स्वतःची ईमेल सोय वापरावी, कारण मोबाइलवरील किंवा ब्राउझरमधील मेल टॅबच्या जागी मोकळ्या जागा घालतात आणि तसा पॅच लागू होत नाही.

कर्नेलची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते आणि त्यातील पहिले दोन आठवडे नवे बदल मुख्य शाखेत घेण्याचे असतात. त्या दोन आठवड्यांत मेंटेनर गुंतलेले असतात, म्हणून नवे काम त्यानंतर पाठवलेले बरे. तुमच्या पॅचवरील वेळेपुढे +०५३० असे, म्हणजे भारतीय वेळ असल्याचे, लागलेले असेल आणि उत्तर देणारा कदाचित पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असेल, त्यामुळे उत्तर मध्यरात्री आले किंवा आठवडाभर आलेच नाही तर काही बिनसले असे समजू नये. किमान एक आठवडा थांबून मगच नम्रपणे आठवण करावी. सुचवलेल्या दुरुस्त्या करून दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदलले ते तीन रेघांच्या खाली लिहावे. तो भाग कायमच्या इतिहासात जात नाही, पण परीक्षकाचा वेळ वाचवतो.

पॅच स्वीकारला गेल्यानंतर

तुमच्याकडे ती चिप आहे आणि तुम्ही उत्तरे द्यायला तयार आहात, एवढ्या भांडवलावर ‘मेंटेनर्स’ फाइलीत त्या ड्रायव्हरसमोर स्वतःचे नाव सुचवता येते. नाव लागण्यापूर्वीही दुसऱ्यांचे पॅच आपल्या बोर्डावर चालवून ‘टेस्टेड-बाय’ ही ओळ देता येते, आणि दुर्मिळ मदरबोर्डच्या बाबतीत ती ओळ मेंटेनरला मोलाची वाटते, कारण त्याच्याकडे तो बोर्ड नसतो. ती देताना कोणत्या बोर्डावर, कोणत्या कर्नेलवर आणि कोणत्या फाइली वाचून पाहिल्या हे लिहावे.

प्रत्येक आवृत्तीचा पहिला चाचणी-प्रकाशन टप्पा आला की आपल्या ड्रायव्हरची स्टबवरची चाचणी पुन्हा चालवावी: एक धन तापमान, एक ऋण तापमान, मर्यादेत दोन्ही टोकांबाहेरचे आकडे, आणि सर्व फाइलींची यादी आधीच्या आवृत्तीशी ताडून. या सगळ्याची एक छोटी शेल स्क्रिप्ट करून ठेवावी. यादीतून एखादी फाइल गळलेली किंवा तिचे नाव बदललेले आढळले, तर त्या बदलाचा क्रमांक शोधून त्याच आठवड्यात कळवावे, कारण आवृत्ती प्रसिद्ध होईपर्यंत तो बदल मागे घेणे सोपे असते.